थांबेल त्याची मासळी

ब्रिटनीतल्या दुआर्ननेपासून निघावं, गॅलिसियावरून पोर्तुगालच्या मातोझिन्योशला यावं, मग उत्तरेला कॉर्नवॉलचं न्यूलिन आणि शेवटी एड्रियाटिक समुद्रातल्या उग्ल्यान बेटावरचं काली. युरोपचा हा सार्डिनकिनारा पाहत गेलं तर मासा सगळीकडे एकच दिसतो. वीतभर लांबीचा, निळसर-हिरव्या पाठीचा, रुपेरी पोटाचा. आपल्या तारलीचा दूरचा भाऊबंद. शास्त्रीय नावही एकच, सार्डिना पिल्कार्डस. बदलतं ते त्याचं मोल. जूनमध्ये सांत आंतोनियोच्या सणाला लिस्बनच्या गल्लीबोळांत हा मासा कोळशावर भाजून नगावर विकतात. ब्रिटनीत पकडल्याचं साल छापलेल्या डब्यात तो वर्षानुवर्षं मुरवत ठेवतात. आणि क्रोएशियातल्या झादर शहरासमोरच्या समुद्रात तो टनावारी ट्यूनांच्या पिंजऱ्यात ओततात. प्रवासाच्या पुस्तकांत या फरकाचं श्रेय चवीला आणि परंपरेला दिलेलं असतं. मला ते अपुरं वाटतं. सार्डिनचा धंदा एका साध्या अडचणीभोवती फिरतो: हा मासा थांबत नाही. अंग तेलकट, कातडी पातळ, पोट मऊ. उन्हाळ्यात बर्फ नसेल तर काही तासांत तो खाण्याजोगा राहत नाही. म्हणून माल थांबवण्याची सोय ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती. मीठ, तेल, डबा, शीतगृह, उचल, कायदा ही सगळी थांबवण्याचीच साधनं आहेत, आणि गेल्या दोनशे वर्षांत या किनाऱ्यांवर जी भांडणं झाली ती समुद्रातल्या मासळीपेक्षा या साधनांच्या मालकीवरून झाली, असं माझं म्हणणं आहे.

आधी पकडणाऱ्याची बाजू. सार्डिन थव्याने येते आणि थव्यानेच पकडली जाते. थव्याभोवती जाळ्याचा वेढा टाकायचा आणि तळाची दोरी आवळायची, ही पर्ससीनची रीत आपल्या किनाऱ्यालाही आता ओळखीची आहे. एका रात्री रिकामं जाळं आणि दुसऱ्या रात्री एकाच वेढ्यात कित्येक टन, असा हा हिशेब. थवा किनाऱ्याला लागला की तो सहसा सगळ्याच बोटींना सापडतो, त्यामुळे ज्या दिवशी पाग चांगला त्याच दिवशी धक्क्यावर ढीग आणि भाव मातीमोल. खलाशांना ठरलेला पगार बहुधा नसतो. विक्रीच्या रकमेतून डिझेल, बर्फ वगैरे खर्च वजा जाऊन उरलेल्याचे वाटे पडतात. कोकणातल्या वाचकाला ही वाट्यांची पद्धत समजावून सांगायला नको. तिचा अर्थ एवढाच, की भाव कोसळला तर बोटीच्या मालकापासून शेवटच्या खलाशापर्यंत सगळ्यांच्या घरी तो कोसळतो. त्यात चरबीचा हंगाम. हिवाळ्यात अंडी घालून झाली की सार्डिन रोडावते, अंगात जेमतेम एक-दोन टक्के चरबी उरते. उन्हाळ्याच्या अखेरीला तीच पंधरा टक्क्यांच्या वर जाते. भाजायला आणि डब्यात भरायला चांगला माल वर्षातले काहीच महिने मिळतो, आणि तोही सगळ्यांना एकदम. शेतकऱ्यालाही नाशवंत मालाचं दुखणं असतं, पण त्याला निदान उभं पीक डोळ्यांना दिसतं आणि तोडणी चार दिवस पुढे ढकलता येते. सार्डिनवाल्याला तेवढीही सवड नाही.

माल थांबवण्याचं पहिलं मोठं साधन फ्रान्सने दिलं. बंद भांड्यात अन्न उकळून टिकवण्याची रीत निकोला अपेरने 1810 मध्ये पुस्तक काढून जाहीर केली आणि 1824 मध्ये नाँत शहरात जोसेफ कोलँने सार्डिनचा कारखाना घातला. पुढच्या काही दशकांत ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यावर अशा कारखान्यांची रांग लागली. दुआर्ननेतल्या शाँसरेल घराण्याचा कारखाना 1853 चा. पोर्तुगालचा रामिरेझही 1853 चाच, आणि वडिलकीचा मान दोघांनाही हवा असतो. ते त्यांचं त्यांनी पाहावं. डब्यामुळे सार्डिन थांबू लागली, पण थांबण्याचा नफा डब्याच्या मालकाकडे गेला. मच्छीमार कारखान्याला हजाराच्या हिशेबाने मासे विकत. पाग मोठा झाला की कारखानदार भाव पाडत किंवा खरेदीच बंद करत, आणि उरलेली मासळी पाण्यात परत टाकावी लागे. वर आमिषाचा खर्च होता. सार्डिनला जाळ्याकडे ओढायला ब्रिटनीचे मच्छीमार कॉडची खारवलेली गाभोळी पाण्यात टाकत. ती नॉर्वेहून येई आणि तिची किंमत मच्छीमाराच्या हातात नसे. मोठी वेढ्याची जाळी घेतली असती तर हा खर्च बराच वाचला असता. तरीही किनाऱ्यावरच्या कित्येक गावांनी त्या जाळ्यांना कडाडून विरोध केला. बाहेरच्यांनी याला अडाणीपणा ठरवलं. मला मात्र त्यात पक्का हिशेब दिसतो: दुप्पट पकडलं तर भाव निम्म्याहूनही खाली जाणार, मग जाळ्यात पैसे कशाला घालायचे? माल थांबवणं शक्य नसेल तर पकडणं थांबवावं, एवढीच एक गोष्ट त्यांच्या ताब्यात होती. 1902 पासून काही वर्षं सार्डिन या किनाऱ्यावर जवळपास फिरकलीच नाही. गावंच्या गावं उपासमारीला लागली आणि फ्रान्सभर त्यांच्यासाठी वर्गणी गोळा झाली. तोवर फ्रेंच कारखानदारांपैकी अनेकांनी स्पेन-पोर्तुगालात बस्तान बसवलेलं होतं. भांडवल किनारा बदलू शकलं, होडी आणि घरदार बदलू शकलं नाही.

पण ब्रिटनीचा हिशेब फक्त मच्छीमारांवर संपवला तर अर्धाच होईल. कारखान्याला माल थांबवता यावा म्हणून कुणीतरी स्वतः ताटकळत राहावं लागे, आणि त्या होत्या तिथल्या बायका. बोटी धक्क्याला लागल्या की हाक येई, मग दुपार असो की मध्यरात्र. आलेला सगळा माल तळून, डब्यात लावून, तेल भरून होईपर्यंत सुट्टी नाही. रात्रीच्या तासाचा दरही दिवसाइतकाच. 1905 मध्ये दुआर्ननेच्या बायकांनी संप करून नगावरची मजुरी बंद पाडली आणि तासाचा दर मिळवला. नोव्हेंबर 1924 मध्ये त्या पुन्हा रस्त्यावर उतरल्या तेव्हा हा दर तासाला 80 सँतिम होता. मागणी सव्वा फ्रँकची. ब्रेतों भाषेतली ‘पाच रेआल’ची त्यांची घोषणा अजूनही त्या गावात लोकांच्या तोंडी आहे. सुमारे सहा आठवडे कारखाने बंद राहिले, कम्युनिस्ट महापौर दानिएल ल फ्लाँशेक याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तो वाचला, आणि जानेवारी 1925 मध्ये मालक एक फ्रँकवर आले. जादा तासांचे जादा पैसेही द्यावे लागले. त्याच वर्षी संपातली एक कामगार, जोसेफिन पँकाले, नगरपालिकेवर निवडून आली. फ्रान्समध्ये बायकांना मताचा अधिकारच नव्हता, म्हणून तिची निवड रद्द झाली. या संपाकडे मजुरीचा लढा म्हणून पाहिलं जातं, ते योग्यच आहे. पण त्याचं यश कशात होतं हेही पाहण्यासारखं आहे. संप करताना कारखानदाराच्या नाशवंत कच्च्या मालाचं घड्याळ बायकांच्या बाजूने चालू लागलं. मच्छीमारावर जे घड्याळ शतकभर चाललं, ते प्रथमच मालकावर चाललं.

गॅलिसियात हीच गोष्ट डब्याच्याही आधी घडली होती. अठराव्या शतकात कॅटलोनियाचे व्यापारी तिथे मीठ आणि भांडवल घेऊन आले. त्यांनी मच्छीमारांना आधी पैसे दिले आणि नंतर ते सार्डिनच्या रूपाने वसूल केले. पेरणीला सावकाराकडून उचल घेणाऱ्याला खळ्यावर भाव का मिळत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यापुढचं सांगायची गरज नाही. कॉर्नवॉलची कथा जास्त रंजक आहे. तिथली सार्डिन, तिथे तिला पिल्चर्ड म्हणत, मिठात रचून, पिंपात दाबून इटलीला जाई. दाबताना निघालेलं तेल दिव्यांसाठी विकलं जाई. कॅथलिक इटलीचे उपवासाचे दिवस हे प्रॉटेस्टंट कॉर्नवॉलच्या उत्पन्नाचं साधन होतं. हा व्यापार विसाव्या शतकात आटत गेला आणि न्यूलिनमधला खारवण्याचा शेवटचा कारखाना 2005 मध्ये बंद झाला. त्याआधीच, 1990 च्या दशकात, तिथल्या व्यापाऱ्यांनी तीच मासळी ताजी, बर्फावर ठेवून, ‘कॉर्निश सार्डिन’ म्हणून मोठ्या दुकानांना विकायला सुरुवात केली होती. 2009 मध्ये त्या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. पाटीवरचं नाव बदललं म्हणून धंदा तरला, असं सांगितलं जातं. पाटीचा वाटा आहेच, पण केवळ तिच्यावर भाव टिकला नसता. तिथे पर्ससीनच्या बोटी पंधराच्या आसपास आहेत. त्या आपसात ठरवून राहतात आणि सरकारी कोटा नसतानाही माल एका मर्यादेतच धक्क्यावर येतो. ब्रिटनीच्या जुन्या मच्छीमारांना जे पाडावामागून पाडाव पाहून कळलं होतं, ते इथे संघटनेच्या नियमांत बसलेलं आहे.

आता पोर्तुगाल. या देशात माणशी वर्षाला सुमारे 57 किलो मासळी खाल्ली जाते, युरोपीय संघात सर्वांत जास्त. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्यातल्या डब्यांवर तिथले कारखाने फोफावले. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिला आणि सार्डिन दोन्ही बाजूंना विकली. सेतूबल, पोर्तिमाँव, मातोझिन्योश ही गावंच कारखान्यांची होती. पोर्तिमाँव आणि सेतूबलला जुन्या कारखान्यांत आता संग्रहालयं आहेत. मातोझिन्योशमध्ये 1920 साली सुरू झालेल्या पिन्याइशसारख्या कारखान्यात अजून हाताने डबे भरतात. पण या देशातली माझ्या मते खरी पाहण्याची जागा कारखाना नाही, लिलावघर आहे. पोर्तुगालात ताज्या मासळीची पहिली विक्री कायद्याने लिलावघरातूनच करावी लागते आणि मुख्य भूमीवर ही घरं दोकापेश्का ही सरकारी कंपनी चालवते. लिलाव उतरत्या भावाचा: आकडा वरून खाली येतो आणि जो पहिला थांबवेल त्याचा माल. वरवर पाहता ही विकणाऱ्याला संरक्षण देणारी व्यवस्था आहे, कारण वजन, दर आणि व्यवहार सगळ्यांसमोर होतो, चोरवाटेने काही जात नाही. पण घड्याळ खाली उतरत असताना बसून राहण्याची मुभा घेणाऱ्याला आहे, विकणाऱ्याला नाही. म्हणून मच्छीमारांच्या उत्पादक संघटना कारखान्यांशी आगाऊ करार करतात, बोटीगणिक दिवसाची मर्यादा घालतात. युरोपीय संघानेही अनेक वर्षं एक तळाचा भाव धरला होता. त्याखाली लिलाव गेला की माल मागे घ्यायचा आणि भरपाई घ्यायची. त्यात चांगली मासळी नासवली जाई, म्हणून 2013 च्या सुधारणेत ही पद्धत बंद झाली आणि काही वर्षांपुरती साठवणुकीला मदत आली. सरकारी भाषा कोरडी असते, पण तिचा अर्थ इथे सरळ आहे. थांबण्याचे पैसे थोडे मच्छीमारालाही मिळावेत, इतकंच.

मग साठाच आटला. 2010 च्या सुमाराला पोर्तुगालच्या धक्क्यांवर वर्षाला पन्नास-साठ हजार टन सार्डिन येत होती. 2014-15 मध्ये ती पंधरा हजारांच्या आसपास आली. याच काळात पहिल्या विक्रीचा सरासरी भाव किलोला एक युरोच्या आतून दोन युरोंच्या जवळ गेला. म्हणजे माल चौथ्या हिश्श्यावर आला तरी गल्ला त्या मानाने फारच कमी घटला. यावर पहिला आक्षेप ठरलेला: यात थांबण्याचा काय संबंध, हे तर मागणी-पुरवठ्याचं शाळकरी गणित आहे. असेल. पण मग 1902 मध्ये ब्रिटनीत हे गणित का चाललं नाही? तिथेही मासळी दुर्मीळ झाली होती, आणि मच्छीमार श्रीमंत होण्याऐवजी उपाशी राहिला. फरक दोन गोष्टींचा आहे. एक, ब्रिटनीतला ग्राहक कारखाना होता आणि त्याला दुसऱ्या किनाऱ्यावरून माल आणता येत होता. पोर्तुगालात मोठा ग्राहक म्हणजे जूनमध्ये ताजी सार्डिन भाजून खाणारा माणूस, आणि त्याला शक्यतो ताजाच माल हवा असतो. हे मान्य करायला हवं, कारण याचं श्रेय कुठल्याही संघटनेला जात नाही. दुसरा फरक संघटनेचा आहे. पोर्तुगालात टंचाई वाटून घेतली गेली. बंदीचे महिने ठरले, बोटीगणिक मर्यादा आली, आणि सक्तीने घरी बसलेल्या खलाशांना काही काळ सरकारी आणि युरोपीय निधीतून भरपाई मिळाली. वाट्यावर जगणाऱ्या माणसाला थांब म्हणायचं आणि थांबण्याचे पैसे द्यायचे नाहीत, यासारखा दुटप्पीपणा नाही. आपल्याकडे 1 जूनपासूनची पावसाळी बंदी मच्छीमार पाळतो, पण त्या दिवसांचा खर्च मुख्यतः त्याचा तोच सोसतो. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सार्डिन परत आली ती कोट्यामुळे की समुद्राच्या मर्जीमुळे? घटनाक्रम असा. पोर्तुगालच्या सार्डिनला 2010 मध्ये मिळालेलं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र 2012 मध्ये आणि पुन्हा 2014 मध्ये स्थगित झालं. 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय सागर संशोधन परिषदेने पुढच्या वर्षासाठी शून्य पकडीचा सल्ला दिला. पोर्तुगाल आणि स्पेनने शून्य मानलं नाही, पण पकड पुष्कळ खाली आणली. 2019 ची दोन्ही देशांची मिळून मर्यादा अकरा हजार टनांच्या आत होती. त्याच 2019 मध्ये जन्मलेली पिढी असाधारण मोठी निघाली. 2021 मध्ये मर्यादा चाळीस हजारांपर्यंत गेली, 2025 मध्ये पन्नास हजारांच्या पुढे, आणि त्या वर्षी दोन्ही देशांना मिळून प्रमाणपत्रही परत मिळालं. पकडीची वाटणी 66.5 टक्के पोर्तुगाल आणि 33.5 टक्के स्पेन. सार्डिन आखूड आयुष्याचा मासा आहे. एका वर्षाची पैदास चांगली झाली तर साठा उसळतो, वाईट झाली तर कोसळतो, आणि ती कशावर ठरते यातलं बरंच तापमानाच्या आणि प्लवकांच्या हाती आहे. तेव्हा नियमाने मासे जन्माला घातले असं मी म्हणणार नाही. पण जन्मलेली पिढी पकडली न जाता अंडी घालण्याइतकी जगली, हे नियमाचं काम आहे. आणि शून्याचा सल्ला झुगारूनही सगळं नीट झालं, म्हणजे शास्त्रज्ञ उगाच घाबरवत होते, असा जो सूर पोर्तुगालात ऐकू येतो तो मला लॉटरी लागलेल्या माणसाच्या आत्मविश्वासासारखा वाटतो.

उलट उदाहरणही समोर आहे. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर, लिओंच्या आखातात, 2008 च्या सुमारापासून सार्डिन लहान होत गेली: सरासरी लांबी 15 सेंटिमीटरवरून 11 वर, वजन 30 ग्रॅमवरून 10 वर. फ्रेंच शास्त्रज्ञांनी मासेमारी, भक्षक, रोग सगळं तपासलं आणि त्यांचा मुख्य रोख अन्नावर गेला. तिथल्या प्लवकांची प्रत बदलली आहे. 10 ग्रॅमच्या माशाला ना जाळीवर भाजता येतं, ना डब्यात लावता येतं. सेत बंदराच्या बोटींनी सार्डिनचा नाद जवळपास सोडला, पण बोटी थांबल्या म्हणून मासा मोठा झाला नाही. याने माझ्या म्हणण्याला मर्यादा पडते, आणि ती पडायलाच हवी. थांबण्याची सोय कुणाकडे आहे यावरून मिळालेल्या पैशाची वाटणी ठरते. समुद्रात किती आणि केवढा मासा असेल हे त्यावरून ठरत नाही. अटलांटिकच्या बिस्के उपसागरातही सार्डिन आकाराने घटत असल्याने ब्रिटनीच्या कारखान्यांना डब्यासाठी हवी तेवढी मोठी मासळी मिळणं कठीण होत चाललं आहे, तेव्हा हा प्रश्न भूमध्याच्या कोपऱ्यापुरताही उरलेला नाही.

एड्रियाटिकमध्ये थांबवण्याचं साधन वेगळंच आहे: तिथे सार्डिन जिवंत ट्यूनाच्या पोटात साठवतात. काली गावच्या बोटी अंधाऱ्या रात्री दिवे लावून मासळी वर बोलावतात आणि पौर्णिमेच्या आसपास बंदरात बसतात. दिव्यांवरच्या मासेमारीने आपल्या किनाऱ्यावर केवढं भांडण पेटवलं आहे आणि केंद्राला 2017 मध्ये एलईडीवर बंदी कशी घालावी लागली, हे कोकणच्या वाचकाला माहीत आहे. तिथे मात्र हीच रूढ रीत आहे. क्रोएशियाच्या एकूण पकडीत सार्डिनचा वाटा सर्वांत मोठा, आणि धक्क्यावरचा भाव किलोला एक युरोच्याही आत. 1990 च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या पोर्ट लिंकनमधून ट्यूनापालन शिकून आलेल्या माणसांनी इथे पिंजरे टाकले. लहान निळा ट्यूना पकडायचा, दोन-एक वर्षं खाऊ घालून वाढवायचा आणि जपानला पाठवायचा. एक किलो ट्यूना वाढायला दहा किलोंहून अधिक लहान मासळी लागते. हिशेबाने पाहिलं तर हे चोख आहे: ज्या माशाला दुपारपर्यंत गिऱ्हाईक हवं, त्याचं रूपांतर अशा माशात करायचं ज्याला तोक्योत भाव चढेपर्यंत पोहत ठेवता येतं. या पिंजऱ्यांमुळे कालीच्या बोटींना माल घेणारा हक्काचा ग्राहक मिळाला, हे खोटं नाही. पण तो ग्राहक माणसाच्या ताटाचा भाव देत नाही, खाद्याचा भाव देतो. आणि माल खपण्याची खात्री असल्याने कमी पकडून जास्त मिळवण्याची गरजही उरत नाही, तीही अशा समुद्रात जिथे सार्डिनवर मासेमारीचा ताण जास्त असल्याचं भूमध्य मत्स्य आयोग सांगत आला आहे. रत्नागिरीपासून कर्नाटकापर्यंत तारली जेव्हा फिशमीलच्या कारखान्याकडे वळते तेव्हा याहून वेगळं काही घडत नाही.

शेवटचा आक्षेप बाजाराचा. पोर्तुगीज बोट थांबली तरी मोरोक्कोची थांबत नाही, मग थांबून काय साधलं? सार्डिनच्या पकडीत आणि डब्यांच्या निर्यातीत मोरोक्को जगात आघाडीवर आहे. मासा तोच, सार्डिना पिल्कार्डसच, आणि टंचाईच्या वर्षांत पोर्तुगालच्या कारखान्यांनीही तिथली गोठवलेली सार्डिन आणून डबे भरले. हा आक्षेप मला खोडता येत नाही, फक्त पुढे नेता येतो. बाहेरचा माल अडवायचा तर युरोपने एकदा तो प्रयत्न केलेला आहे. 1989 च्या नियमाने डब्यावर ‘सार्डिन’ लिहिण्याचा हक्क फक्त याच एका जातीला दिला. पेरूने आपल्या प्रशांत महासागरातल्या सार्डिनसाठी जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि 2002 मध्ये युरोप हरला. अन्नविषयक आंतरराष्ट्रीय मानकांच्या यादीत सार्डिन म्हणून विकता येणाऱ्या जाती कितीतरी आहेत. आपली तारलीही तिच्यात आहे. ‘सार्डिन’ला जातीचं शास्त्रीय नाव जोडून लावावं, असा तोडगा पुढच्या वर्षी निघाला, आणि तो न्याय्य होता. नावाची भिंत घालून जे साधत नाही ते माहिती देऊन काही अंशी साधू शकतं. ग्राहकाला मोरोक्कोची सार्डिन घ्यायची असेल तर त्याने जरूर घ्यावी, मोरोक्कोच्या खलाशालाही पोट आहे. पण ज्या बोटी स्वतःचं नुकसान सोसून महिनोन्‌महिने थांबल्या, त्यांचा माल ओळखता तरी आला पाहिजे.

तो डब्यात ओळखता येत नाही, हीच अडचण आहे. लिस्बनमध्ये सर्कसच्या तंबूसारखी सजवलेली सार्डिनची दुकानं आहेत. तिथे प्रत्येक डब्यावर एकेक साल छापलेलं असतं, म्हणजे पर्यटकाने आपल्या जन्मसालाचा डबा न्यावा. किराणा दुकानातल्या डब्याच्या कित्येक पट किंमत लोक हौसेने देतात. त्यात वाईट काही नाही, पण त्या जादा पैशातला किती हिस्सा बोटीपर्यंत पोहोचतो हे डबा सांगत नाही, आणि पोर्तुगीज सजावटीच्या आत कुठल्या समुद्राचा मासा आहे हेही सांगितलंच पाहिजे असा नियम नाही. तिथूनच जवळच्या मंडईत बर्फावर मांडलेल्या सार्डिनच्या पाटीवर मात्र पकडीचं क्षेत्र आणि जाळ्याचा प्रकार लिहावाच लागतो. युरोपीय संघाच्या 2013 च्या नियमाने ताज्या, गोठवलेल्या आणि खारवलेल्या मासळीला ते बंधनकारक केलं आणि डबाबंद मासळी त्यातून वगळली. सर्वांत जास्त काळ थांबणारा, सर्वांत दूर जाणारा आणि सर्वांत जास्त नफा देणारा मालच या नियमाबाहेर आहे. युरोपीय संघाला सार्डिनच्या मच्छीमारासाठी एकच गोष्ट करायची असेल तर ती ही आहे: मंडईतल्या पाटीचा नियम डब्यालाही लावावा.